आत्याच्या खाटेपुरती जागा

घरी सुतारकाम करणाऱ्या माणसाबद्दल लोक फार प्रेमाने बोलतात. ताज्या भुशाचा वास, रंध्याखालून निघणारी लांब ढलपी, आपल्या हाताने केलेल्या वस्तूचे समाधान, वगैरे. मीही अनेक वर्षे तसेच बोलत होतो. आता त्या खोलीची आठवण आली की मला मळमळते. हे अलंकारिक लिहीत नाही. खरोखर तोंडात आंबट पाणी येते आणि उठून गच्चीवर जावे लागते.

ती खोली वाराणसीत, शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत, आमच्या घराच्या तळमजल्यावर होती. तिथे माझी आत्या राहायची होती. ती राहिली नाही. धर्मशाळेत राहिली, तिथेच गेली, आणि त्याचा दोष आमच्या नात्यातले लोक आजही माझ्या बायकोला देतात. बायको आता हयात नाही. दोष तिचा नव्हता, माझा होता. कसा होता, ते नीट सांगतो.

काशीत राहणाऱ्या मराठी माणसांना एक खोड असते. देशावरून कोणी नातेवाईक आला, गंगास्नान करून, अस्थी सोडून परत निघाला, की आपण त्याला सहज म्हणून टाकतो, "शेवटी इकडेच या हो काशीवासाला. आमचं घर आहेच." बोलायला काही पैसे पडत नाहीत. शंभरातला एखादाच खरा येतो. बाकीचे गाडीत बसतात, आणि आपल्याला फुकटात पुण्य केल्यासारखे वाटते.

आत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण, नागपूरला दिलेली. मूलबाळ नव्हते. यजमान गेले तेव्हा अस्थी घेऊन ती आमच्याकडे आली होती. मला नुकतीच रेल्वेच्या कचेरीत नोकरी लागली होती. घाटाच्या पायऱ्या चढताना ती मध्येच दम खायला बसली आणि म्हणाली, "इथं मरण आलं तर किती बरं रे." मी लगेच म्हणालो, "आत्या, खालची खोली रिकामीच आहे. म्हातारपणी ये. ती खोली तुझी." तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी ते विसरलो. ती विसरली नाही.

मधल्या वर्षांत खालच्या खोलीत मी सुतारकाम सुरू केले. कचेरीतले एक साहेब बदली होऊन गेले, त्यांनी आपली हत्यारपेटी मला दिली: रंधा, दोन करवती, पटाश्या, गिरमिट. तिथून सुरुवात झाली. पहिल्यांदा एक पाट केला. तो डगमगत असे. पण मला वाटले, आपल्याला या कामाचा हात आहे.

खोली मुळात अंधारी, एक खिडकी, तीही बोळात उघडणारी. भिंतींना कायम ओल. तिच्यात मी लाकूड आणायला लागलो. गल्लीत एखादे जुने घर पाडले की मी तिथे हजर. चौकटीचे तुकडे, मोडक्या दाराची फळी, खाटेचे पाय, जिन्याचा कठडा. "शिसवी आहे, फेकून कसं देणार?" असे मी म्हणत असे. कचेरीत यंत्रे यायची त्या खोक्यांच्या पट्ट्या आणत असे. वाकलेले खिळे डब्यात साठवत असे, कधीतरी सरळ करीन म्हणून. एकही कधी सरळ केला नाही. डब्यांची चळत छताला लागली. तळाच्या डब्यात काय आहे ते पाहायचे तर वरचे सगळे उतरवावे लागत, म्हणून तळाचे डबे असून नसल्यासारखे होते, आणि मी त्यातलीच वस्तू पुन्हा विकत आणत असे.

मग सगळे नीट लावायला कपाट हवे असे मला सुचले. कपाट करायला घेतले. सांगाडा इतका मोठा झाला की तो उभा केल्यावर फळ्या कापायला जागा उरली नाही. तो अर्धा सांगाडा पुढे कायम तसाच उभा होता, आणि त्याच्या पोटात आणखी लाकडे. पसारा आवरण्यासाठी म्हणून मी जे जे केले, त्याने पसाराच वाढला. भिंतीला खुंट्या ठोकल्या, तर खुंट्यांवर पोती लटकू लागली. छताला दोर बांधून लांब फळ्या टांगल्या, तर खाली वाकून चालावे लागे, आणि फळीवरचा उंदीर डोक्यावरून पळे.

उंदरांचे सांगायलाच हवे. कोपऱ्यात ढलप्यांचा ढीग होता. एकदा त्यात हात घातला तर काहीतरी मऊ आणि ओले लागले. उंदरीने पिल्ले घातली होती आणि ती मरून सडली होती. मी हात धुतला आणि ढीग तसाच ठेवला. पेटवायला उपयोगी पडेल म्हणून. एका चौकटीला वाळवी लागली होती, तीही बाहेर काढली नाही, कारण ती काढायची तर आधी तिच्यापुढच्या सहा वस्तू हलवायच्या. भुसा जिन्यावरून वर चढे. भातात यायचा. देवाच्या वस्त्रावर बसायचा. माझ्या दोन्ही मुली लहानपणी खोकत असत आणि मी म्हणत असे, काशीची हवाच तशी.

लांब फळी कापायची तर दार उघडून तिचे अर्धे अंग गल्लीत काढावे लागे. आमच्या गल्लीतून मसाणाकडे प्रेते जातात. एकदा फळी बाहेर आहे आणि तिरडी आली. पुढचा माणूस ओरडला, "अरे गुरु, लकड़िया भीतर खींचा! मुर्दा अटकल हौ!" मी फळी आत ओढू लागलो, ती कपाटात अडकली. मागची मंडळी थांबली. "राम नाम सत्य है" सुद्धा थांबले. शेवटी त्यांनी तिरडी तिरपी करून माझ्या फळीवरून पार नेली. जाता जाता एक म्हातारा म्हणाला, "पंडितजी, एतना लकड़ी? अपने खातिर जमा करत हउवा का?" सगळे हसले, खांदेकरीसुद्धा. वरच्या खिडकीतून बायको बघत होती. ती हसली नाही.

ती काशीतच जन्मलेली, दुर्गाघाटावरच्या मराठी घरातली. तिच्या मराठीत हिंदी शब्द सहज यायचे. खालच्या खोलीला ती "कबाडखाना" म्हणायची. मी पूर्वी लाकूड चिकटवायला सरस वापरत असे. सरस म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडी उकळून केलेला चिकट पदार्थ. त्याच्या वड्या रात्रभर भिजवायच्या, मग एका भांड्यात पाणी तापवून त्यात दुसरे भांडे ठेवून पातळ करायच्या. त्याचा वास मेलेल्या जनावराचाच असतो, दुसरा कसा असेल? बायको एकदा म्हणाली, "अहो, वर देव आहेत. निदान हे तरी बंद करा." तेव्हा बाजारात डब्यातला पांढरा गोंद मिळू लागला होता. मी तो आणला. सरसाचे भांडे कपाटाखाली सरकवून दिले. ही एक गोष्ट मी तिचे ऐकून केली होती, म्हणून मुद्दाम लिहितो.

आणीबाणी संपून काही वर्षे झाली असतील. नागपूरहून पोस्टकार्ड आले. आत्याच्या दिराचा मुलगा, म्हणजे तिचा पुतण्या, तिला घेऊन येत होता. कायमची.

बायकोने कार्ड वाचले आणि पदर खोचला. "चला, खोली रिकामी करू." तिने पोती आणली आणि ढलप्या भरू लागली. मी तिच्या मागे उभा राहून पोत्यातले तुकडे परत काढत होतो.

"हा सागवानी आहे."

"वीतभर आहे."

"वीतभर सागवानाची मूठ होते."

"किती मुठी केल्यात आजवर?"

मी पोत्यातून आणखी एक तुकडा काढला. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. भुशाने तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. म्हणाली, "काशीत माणसाला लाकडं लागतात ती शेवटी. तुम्ही आधीच रचून बसलात. जित्या माणसाला खाटेपुरती जमीन नाही इथं."

एवढे होऊनही तिने खिडकीखालचा एक कोपरा मोकळा केलाच. जमीन घासली, चुना मारला, माहेरून एक खाट आणून टाकली. मी त्या कोपऱ्याकडे बघत होतो तेव्हा मला काय वाटले ते आठवते. मला वाटले, कपाटाच्या फळ्या कापायला आता जागा झाली.

आत्या आली. गुडघे गेलेले. आमचा जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. पहिल्या दिवशी तिला वर न्यायला दोघे लागले. खाली राहिली तर दार उघडले की गल्ली आणि गल्ली उतरली की गंगा, म्हणून तिला खालीच राहायचे होते. पुतण्या तिला सोडून दुसऱ्याच दिवशी परत गेला, त्याला रजा नव्हती. जाताना बायकोला म्हणाला, "वहिनी, आता तुमच्या भरवशावर." मला काही म्हणाला नाही. बायकांच्या भरवशावरच अशी कामे सोपवायची पद्धत आहे, आणि दोषही मग त्याच पत्त्यावर जातो.

मला वाटले होते, आत्या खोली बघून नाक मुरडेल. तिने चौफेर पाहिले. करवतीची लाकडी घोडी पुढे ओढली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "केवढं जमवून राहिलास रे! तुझ्या आजोबांना पोथ्या जमवायचा नाद, तुला हा."

"उचलीन सगळं, आत्या."

"काहून उचलतोस? असू दे. मला खाटेपुरतं पुरे. तू आपलं ठोक, मी माळ ओढीन. सोबत होईल."

सोबत! मला तेच नको होते. कचेरीतून आलो की ती खोली एकट्याची होती. तिथे मला कोणी काही विचारत नसे, आणि मी काही पुरे केले नाही तरी कोणाला दिसत नसे. आता मी रंधा हातात घेतला की खाटेवरून आवाज यायचा, "हे काय होणार?" दुसऱ्या दिवशी पुन्हा, "झालं का रे कालचं?" ती प्रेमानेच विचारायची. मी आत जळत होतो. तिची घागर माझ्या, लाकूड आवळून धरायच्या, शिकंज्यांच्या जागी. तिचे ओले लुगडे माझ्या फळ्यांच्या दोरावर. माझ्या हत्यारपेटीवर तिच्या पंचपाळ्यासारखा डबा, त्यात विभूती आणि तुळशीची पाने. मी तो डबा उचलून खाली ठेवत असे आणि ती तो पुन्हा वर ठेवत असे.

आत्याचे सोवळे कडक होते. धाबळी नेसून स्वतःचे स्वतः शिजवायची. तिचे पाणी कोणी शिवायचे नाही. ते मला माहीत होते. मला ते चांगले माहीत होते, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण पुढे मी स्वतःशी बरीच वर्षे असे म्हणत आलो की माझ्या लक्षात आले नाही.

एका रविवारी बायको मुलींना घेऊन माहेरी गेली. आदल्या रात्री मी सरसाच्या वड्या भिजत घातल्या होत्या. सकाळी स्टो पेटवला. आत्या आपल्या कोपऱ्यात धाबळी नेसून तांदूळ निवडत होती. मी कपाटाखालून ते जुने भांडे काढले, त्याच्यावरचे कोळिष्टक पुसले, आणि सरस तापवायला ठेवला. चिकटवायला काहीही नव्हते. त्या दिवशी मी कोणतेही काम करत नव्हतो. पांढऱ्या गोंदाचा डबा माझ्या पायाशी होता, तो मी टाचेने मागे सरकवला.

वास सुटला. बंद खोलीत, ओल्या भिंतीत, तो पसरला नाही, साचला. आत्याने पदर नाकाला लावला.

"काय शिजवून राहिलास?"

"सरस."

"म्हणजे?"

तिला माहीत नव्हते. अजूनही मी काहीतरी सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "हाडं आणि कातडी उकळून करतात. गाईगुरांची. त्याशिवाय लाकूड धरत नाही."

तिचे हात तांदळात थांबले. तिने एकदा स्टोकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"रोज लागतो?"

"रोज," मी म्हणालो.

सुपातले तांदूळ आत्याने दारात चिमण्यांना टाकले. घागर उचलता येत नव्हती, ती कलती करून पाणी मोरीत सोडून दिले. मग भिंत धरत धरत एकटी गल्लीत उतरली, आणि भर उन्हात, त्या तापल्या पायऱ्यांवरून, पुन्हा स्नान करून आली. मी उठून हात दिला नाही. मी सरस ढवळत बसलो होतो. तो करपू लागला तेव्हा मी स्टो बंद केला.

संध्याकाळी बायको परतली. दारातच मुलींनी नाके दाबली. धाकटीने विचारले, "आई, काय सडलंय?" बायकोने माझ्याकडे पाहिले आणि मुलींना म्हणाली, "उंदीर मेला असेल." तिला सरसाचा वास ओळखू येत नव्हता असे कोण म्हणेल?

आत्याने तिला कारण सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "सूनबाई, आपल्या लोकांची ती धर्मशाळा आहे ना, काशीवासाच्या बायकांची, तिथं माझी व्यवस्था कर. चार बायकांत माळ ओढायला बरं." बायकोने खूप विनवले. पाया पडली. "आत्याबाई, माझं काही चुकलं का?" "नाही ग बाई. तुझं काय चुकणार?" हे सगळे संभाषण मी जिन्यात उभा राहून ऐकले. मला सांभाळून घेण्यासाठी त्या म्हातारीने खोटे कारण दिले, आणि त्या खोट्याचा भार बायकोवर पडला. आत्याला ते कळले नसावे. मला कळले होते.

धर्मशाळेत एका खोलीत चौघी होत्या. प्रत्येकीला एक चटई आणि एक कोनाडा. आत्या तिथे काही वर्षे जगली. बायको दर एकादशीला फळे घेऊन जायची, तिचे लुगडे धुवायची, शेवटच्या आजारात तिला उचलून बसवायची. मी सणावारी जात असे आणि दारातूनच विचारत असे, "काय आत्या, ठीक?" "ठीक रे बाबा." एकदाच तिने उलटून विचारले, "तुझं ते कपाट झालं का?" मी म्हणालो, "होत आलंय." ती टोमणा मारत नव्हती, ते मला जास्त लागले. ती गेली तेव्हा मी कचेरीत होतो. न्हाऊ घालायला बायको होती.

आणि खिडकीखालची जागा? आत्या धर्मशाळेत गेली त्याच महिन्यात तिथे मी पाडलेल्या घराची दोन दारे आणून उभी केली. खाट त्यांच्यामागे गेली, तिच्या सुंभात उंदरांनी घर केले. चुना मारलेली भिंत पुन्हा काळी पडली. त्या खोलीतून आयुष्यभरात काय बाहेर आले ते सांगून टाकतो. एक डगमगता पाट, दार न लागणारे एक देवघर, आणि नातवंडांसाठी केलेली एक गाडी, जिचे एक चाक गोल नव्हते. यासाठी मी एका म्हातारीला हाडांच्या वासाने घराबाहेर काढले.

आत्या धर्मशाळेत असतानाच नागपूरला कुणाचे तरी लग्न होते. आम्ही गेलो होतो. पुतण्या मधल्या काळात काशीला येऊन आत्याला धर्मशाळेत पाहून गेला होता, त्यामुळे कथा आमच्या आधीच पोचली होती. पंगतीत आत्याच्या सासरच्या एक काकू बायकोला मोठ्याने म्हणाल्या, "या, काशीच्या सूनबाई. तुमच्याकडे म्हणे घाट मोठे आणि घरं लहान!" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बायकोने समोरच्या पंगतीत माझ्याकडे पाहिले. मी मठ्ठा पीत होतो. मी वाटी खाली ठेवली नाही. ती म्हणाली, "हो ना काकू, फारच लहान." आणि पोळी मोडू लागली. परतीच्या गाडीत किंवा पुढेही ती त्या विषयावर कधी बोलली नाही. तिने विचारले असते तर मी काय सांगितले असते, ते मला माहीत नाही. बहुधा पुन्हा खोटे.

पुढे बायको गेली. तेराव्याला पुतण्या नागपूरहून आला होता. आता तोही म्हातारा. जेवण झाल्यावर माझ्याजवळ बसून म्हणाला, "दादा, वहिनी माणूस चांगली होती. आमच्या काकूच्या, म्हणजे तुमच्या आत्याच्या, बाबतीत तेवढी चुकली. पण गेलेल्या माणसाचं काय काढायचं." तेव्हाही मी गप्प बसलो, माणसे भोवती होती म्हणून. ते गप्प बसणे मला पचले नाही. काही दिवसांनी मी त्याला फोन लावला आणि सगळे सांगितले. सरस, भिजत घातलेल्या वड्या, "रोज", सगळे.

तो ऐकून घेत होता. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "दादा, तुम्ही फार चांगले आहात. वहिनींना असं पाठीशी घालताय. आम्ही काही मनात ठेवलेलं नाही."

"अरे, पाठीशी घालत नाही. खरं सांगतोय."

"हो हो. पुरुषमाणूस सरसाच्या वासानं कोणाला घालवतो का? घर बाईचं असतं, दादा."

"तू होतास का त्या घरात? मी होतो."

"बरं, बरं," तो म्हणाला. मागे त्याच्या घरातल्या कोणाला तरी त्याने हळूच सांगितलेले मला ऐकू आले, "काशीचे दादा. एकटे पडलेत." मग पुन्हा फोनवर, मोठ्याने, "दादा, तब्येत सांभाळा. जेवलात का?"

मी म्हणालो, "जेवलो."